मिरजेच्या त्या हातांना दोष देऊ नका

प्रति,
मालवाहतूक कार्यालयाचे व्यवस्थापक
आणि परभणीच्या गोदामातली सर्व मंडळी यांस,



माझ्या तक्रारीला तुम्ही पाठवलेलं उत्तर मिळालं. ‘सदर वस्तूचे पॅकिंग सदोष असल्याने नुकसानीची जबाबदारी स्वीकारता येत नाही.’ खाली शिक्का, शिक्क्यावर सही. तंबोरा फुटला तेव्हा वाईट वाटलंच होतं, पण हे वाक्य जिव्हारी लागलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या कार्यालयाचं नाव मी लिहिणार नाही. तुम्हाला ते कळलं की पुरे.

मी गंगाखेडला गायनाचा वर्ग चालवते. जनाबाईंचं गाव हे. इथे बायका दळता-कांडता गात आल्या, त्यामुळे गळ्याची वानवा आम्हाला कधीच नव्हती. नव्हता तो तंबोरा. वर्गाला आपला स्वतःचा, मिरजेचा तंबोरा असावा म्हणून मुलींच्या आईबापांनी वर्गणी काढली. भजनी मंडळातल्या बायकांनी भिशीतले पैसे दिले. एका मुलीच्या वडिलांनी कापूस विकून आल्यावर पावती न घेता पैसे हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘बाई, चांगला आणा.’ तो चांगलाच आणला होता. तुमच्या गोदामापर्यंत तो चांगलाच होता.

तंबोरा घ्यायला मी स्वतः मिरजेला गेले होते, कोल्हापूर–नागपूर गाडीच्या मार्गानं, परळी, लातूर, पंढरपूर करत. तंबोरा कसा बांधला, खोक्यात कसा ठेवला, हे सगळं मी शेजारी बसून पाहिलं आहे. तुम्ही ज्याला सदोष म्हणता ते काय होतं, ते आता सांगते. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

मिरजेत हे काम दीडशेहून अधिक वर्षं चाललं आहे. फरीदसाहेब शिकलगार हे या परंपरेचे मूळपुरुष. घराणं हत्यारांना धार लावणारं, तलवारींचं. तलवारींचे दिवस सरले तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं ते हात वाद्यांकडे वळले आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. भोपळे येतात पंढरपूर भागातून, भीमाकाठच्या शेतांतून. वेलावर पक्के झालेले, मग कित्येक महिने वाळवलेले. दांडी तुणाच्या लाकडाची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या वर्गात पेढे वाटले होते. अशा गावातला माणूस, ज्याच्या चार पिढ्यांनी वाद्यं घडवली आणि देशभर पाठवली, त्याला खोकं भरता येत नाही, असं तुम्ही शिक्का मारून सांगता.

त्यानं आधी तारा उतरवल्या. सगळ्या सोडल्या नाहीत, सैल केल्या. ताणलेली तार प्रवासात दांडीला आणि तबलीला ओढत राहते आणि वरून उन्हाची भर पडली की जोड उघडतात. तारा सैल झाल्या की घोडी जागेवर राहत नाही, कारण तंबोऱ्याची घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणून त्यानं तबलीवर पेन्सिलीनं तिच्या पायांची खूण केली, घोडी अलगद बाहेर काढली, तिच्या माथ्यावर मऊ मलमल ठेवली आणि ती वेगळ्या डबीत घातली. जवार त्या माथ्यावर असते. कानसेनं घासून घासून, तार लावून, पुन्हा उतरवून ती काढावी लागते. एक ओरखडा पडला तर सगळी मेहनत वाया. मणी एका कापडी पुरचुंडीत गेले. खुंट्यांच्या मधल्या फटींत त्यानं कापडाच्या घड्या बसवल्या, म्हणजे खुंटीवर धक्का आला तर तो एकाच खुंटीला बसणार नाही.

मग गवसणी. गवसणीवर फोमचा थर. गळ्याशी, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे, त्यानं दुप्पट थर दिला. तंबोरा मोडतो तो बहुतेक वेळा तिथेच. खोक्याच्या तळाशी त्यानं चक्क चुंबळ ठेवली, घागरीखाली ठेवतात तशीच, जुन्या लुगड्याची. भोपळा तिच्यावर टेकला, म्हणजे तळाच्या फळीला लागेना. दांडीखाली दोन ठिकाणी आधार दिले. शेंडा मोकळा लोंबत राहिला तर गाडीच्या प्रत्येक आदळण्याला मानेवर झोला बसतो, म्हणून त्याच्याखाली तिसरा. उरलेली जागा थर्मोकोल आणि कागदाच्या गुंडाळ्यांनी भरली. झाकण लावायच्या आधी त्यानं खोकं दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि कान लावून ऐकलं. आतून आवाज आला नाही. मग पुन्हा हलवलं. मग खिळे ठोकले. वरच्या फळीवर बाण काढला, ‘ही बाजू वर’ असं लिहिलं, काचेचा पेला काढला आणि मराठीत, हिंदीत लिहिलं: वर काही ठेवू नये.

हे सगळं फक्त तंबोऱ्याला लागतं असंही नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा पुण्याला शिकायला गेला, त्याची गिटार आम्ही इथूनच पाठवली. गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात असताना मिळून सुमारे सत्तर किलोचा ताण देतात आणि वरची लाकडी पाटी असते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. म्हणून तारा दोन-तीन सूर खाली उतरवायच्या. खुंट्यांचा माथा मागे झुकलेला असतो आणि लाकडाचे रेषे तिथे आखूड पडतात, म्हणून तोच आधी मोडतो. त्याच्या खाली-वर मऊ आधार द्यायचा. गिटार पेटीत हलता कामा नये आणि पेटी बाहेरच्या खोक्यात हलता कामा नये. ती गिटार दुसऱ्या एका वाहतूकवाल्याकडून गेली आणि पुण्याला धड पोचली. बांधायची रीत तीच होती. फरक एवढाच, की त्या खोक्यावर वाटेत काही रचलं गेलं नाही.

आता खोकं उघडल्यावर काय दिसलं ते. तुमच्या कोणीही ते नीट पाहिलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

झाकणाच्या मधल्या दोन फळ्या तुटल्या होत्या आणि आतल्या बाजूला वाकल्या होत्या. ‘ही बाजू वर’च्या अक्षरांवर काळपट चिकट डाग पसरला होता आणि त्या डागावर मुंग्यांची रांग लागली होती. मी बोट लावून पाहिलं. गूळ होता. डागात तागाचे धागे चिकटलेले होते. चैत्राचं ऊन, पत्र्याचं गोदाम, गूळ पाघळला होता. खोक्याच्या बाजूलाच ढेपांची थप्पी होती, पाडव्याच्या बाजाराला आलेली. ढेपा वजनाला काय असतात ते तुम्ही रोज उचलता, तुम्हाला मी सांगायला नको.

आत भोपळा पाठीकडून दबून फुटला होता. एक चीर गळ्यापासून थेट बुडापर्यंत गेली होती. तबली एका अंगानं उचकटली होती. खुंट्या मात्र सगळ्या शाबूत. घोडी शाबूत, जवारीवर ओरखडा नाही. मणी पुरचुंडीत होते तसे. पॉलिशवर कुठेही घासल्याची खूण नाही. पॅकिंग सदोष असतं तर वाद्य आत हललं असतं आणि हललं असतं तर सगळ्यात आधी खुंट्या गेल्या असत्या, कारण त्या बाहेर आलेल्या असतात. पॉलिश खरवडलं असतं. घोडी फुटली असती. यातलं काहीही झालेलं नाही. वरून ओझं आलं, फळी आत घुसली आणि भोपळा फुटला. प्रत्येक नाजूक गोष्ट त्या कारागिरानं सांभाळली. त्याच्या हाताबाहेर एकच गोष्ट होती, खोक्यावर काय रचलं जाईल ती. ती तुमच्या हातात होती.

भाड्याचंही बोलायला हवं. तुम्ही भाडं वजनावर लावलं नाही. टेप लावून लांबी, रुंदी, उंची घेतली, गुणाकार केला, तुमच्या आकड्यानं भागलं आणि जे ‘वजन’ निघालं त्याचे पैसे घेतले. तंबोरा उचलायला हलका असतो, एक मुलगी तो मांडीवर घेऊन बसते. पैसे आम्ही भरले ते आतल्या मोकळ्या जागेचे, फोमचे, कागदाच्या गुंडाळ्यांचे, चुंबळीचे. ते भरताना मी हूं की चूं केलं नाही, कारण ती मोकळी जागाच तर पॅकिंग होती. जागेचं भाडं घेतल्यावर त्या जागेवर ढेपा रचायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

गोदामात जे बोललं गेलं तेही सांगते. मी म्हटलं, आधी खोकं उघडून बघू, मग सही करते. उत्तर आलं, ‘आधी सही, मग माल.’ पावतीवर छापलेलंच होतं, माल सुस्थितीत मिळाला. मी त्याखाली ‘खोके वरून दबलेले, फळ्या तुटलेल्या’ असं लिहून सही केली, तर पेन हातातून काढून घेण्यापर्यंत गोष्ट गेली. तो शेरा तुमच्या पावतीवर आहे. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

‘एवढं नाजूक होतं तर स्वतः घेऊन यायचं.’ पाच फुटी खोकं डब्यात बाकाखाली जात नाही. आणि ज्याला स्वतः नेता येत नाही त्याचं सामान पोचवण्यासाठीच तुमचं दुकान उघडं आहे ना? पूर्वी गवयी तंबोरा बरोबर घेऊन फिरत, हे खरं आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. जवारी काढण्यात आणि वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचा हात होता. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमल कोइलच्या स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला, तेव्हाही तंबोरा त्यांच्याजवळ होता. पण त्यांच्यासोबत शिष्य असत, उचलायला माणसं असत. मला तालुक्याच्या गावातला वर्ग चालवायचा आहे.

आणि तिसरं वाक्य, जे तुमच्यातल्या एका तरुण मुलानं अगदी सहज म्हटलं: ‘मॅडम, मोबाईलवर तंबोरा मिळतो की फुकट.’ तो वाईट मुलगा नव्हता, त्याला मला दुखवायचंही नव्हतं. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं. बाळा, मोबाईलवर मिळतो, आमच्याकडेही होता, इतकी वर्षं आम्ही त्यावरच भागवलं. पण तंबोरा मांडीवर घेतला की भोपळ्याचा कंप अंगात जातो. तार छेडली की एका सुरातून दुसरे सूर उमलतात आणि खर्जाच्या तारेत गंधार ऐकू येऊ लागतो, जो कुठल्याच तारेत लावलेला नसतो. आमच्या मुली तो गंधार ऐकायला शिकणार होत्या. मोबाईलच्या कर्ण्यातून तो त्यांना कधी ऐकू आला नाही. तू एकदा वर्गात ये, तंबोरा दुरुस्त होऊन आला की मी तुला ऐकवीन.

अशी तक्रार करणारी मी पहिली नाही, हे मला माहीत आहे. २००८ मध्ये कॅनडाच्या डेव्ह कॅरोल या गायकाची गिटार विमानाच्या सामानात मोडली, कंपनीनं महिनोन्‌महिने हात झटकले, शेवटी त्यानं २००९ मध्ये त्यावर गाणं केलं आणि ते जगभर गाजलं. २०१८ च्या जानेवारीत दिल्लीहून न्यूयॉर्कला जाताना शुभेंद्र राव यांची सतार विमानप्रवासात मोडली, त्यांनी समाजमाध्यमावर जाहीर पत्र लिहिलं आणि देशभर बातम्या झाल्या. ते नावाजलेले कलावंत. त्यांच्या वाद्याला निदान बातमी मिळाली. गंगाखेडच्या मुलींच्या तंबोऱ्याची बातमी कोण देणार? आमच्या जिल्ह्याला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून सगळे हसून मिरवतात. पण इथे एखादी नाजूक चीज सुखरूप पोचावी, एवढी अपेक्षाही जास्त ठरते आणि ते आम्हीही आता गृहीत धरायला लागलो आहोत, याचं मला जास्त दुःख आहे. खोकं दबलेलं पाहून माझ्याबरोबर आलेला टेम्पोवाला म्हणाला, ‘चालायचंच, बाई.’ का चालायचं?

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमचं ते वाक्य तुम्ही मला पाठवलंत, तसंच माल पाठवणारा म्हणून मिरजेलाही पाठवलंत. त्या कारागिराचा फोन आला. पहिलं काय विचारलं असेल? जवार शाबूत आहे का. आहे म्हटल्यावर त्याचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. मग थोडा थांबून म्हणाला, ‘बाई, माझंच काहीतरी राहिलं असेल. कंपनी उगाच कशाला लिहील? तंबोरा परत पाठवा. भोपळा बदलून देतो, पैसे नकोत.’

मी त्याला मुंग्यांबद्दल सांगितलं, फळ्या कुठल्या बाजूला वाकल्या ते सांगितलं. फोटो पाठवले. तो ऐकत होता, पण त्याला पटत नव्हतं. छापील कागदावर, शिक्क्यासह आलेलं वाक्य त्याला माझ्या तोंडच्या शब्दापेक्षा खरं वाटत होतं. आयुष्यभर वाद्यं घडवलेला माणूस तुमच्या एका ओळीमुळे स्वतःच्या हातांवर संशय घेऊ लागला. नुकसानभरपाई मागणं एक वेळ सोपं आहे. याची भरपाई कशी मागू?

कायदा मला कळतो. कॅरेज बाय रोड कायदा २००७ चा आहे. मालाची किंमत जाहीर करून जादा भाडं भरलं नसेल तर तुमची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते, हेही मला माहीत आहे. तुमचा निष्काळजीपणा मीच सिद्ध करावा, असं ओझं त्या कायद्यानं माझ्यावर टाकलेलं नाही. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यायची लेखी नोटीस मी रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे, पोचही आली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी जिथे राहते तिथल्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे परभणीतच. तुटलेल्या फळ्या, चिकट झाकण आणि फुटलेला भोपळा मी जपून ठेवला आहे. वर्गणीचे पैसे आहेत, ते मी सोडणार नाही. एकेका घराला मला हिशेब द्यायचा आहे.

पण पैशांच्या आधी मला एक पत्र हवं आहे. त्यात लिहा, की खोक्यावर जड माल रचल्यामुळे वाद्य फुटलं आणि पॅकिंगमध्ये दोष नव्हता. तोच शिक्का, तीच सही. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं मोघम नको. आमची गैरसोय झालेली नाही, एका माणसाच्या कसबावर खोटा ठपका बसला आहे.

आणि गोदामातल्या मंडळींनो, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. भर उन्हात पत्र्याखाली तुम्ही किती ओझी उचलता ते मी तिथे उभी राहून पाहिलं. गाडी लवकर रिकामी करा म्हणून तुमच्यावर ओरडणारा माणूसही पाहिला. थप्पी कुठे लावायची हे ठरवायला तुम्हाला वेळच दिला जात नाही, हे मला दिसतं. माझी तक्रार तुमची मजुरी कापण्यासाठी नाही आणि तशी ती कापली गेली तर मी आयोगापुढे तेही सांगेन. गोदामात एक कोपरा आखून घ्या. ज्या खोक्यावर पेला काढलेला आहे ते त्या कोपऱ्यात, जमिनीवर, त्याच्यावर काही नाही. याला पैसे लागत नाहीत, एक रंगाचा डबा लागतो.

तंबोरा दुरुस्तीसाठी मिरजेला जाणार आहे. या वेळी आमच्यातले दोघे जण सोबत जातील, रेल्वेच्या पार्सल डब्यात चढवताना आणि उतरवताना हजर राहतील. कारागिरानं पैसे नको म्हटलं तरी आम्ही ते देणार आहोत, कारण चूक त्याची नव्हती. त्याला ते पटवायला माझे शब्द पुरत नाहीत, तुमचा कागद लागेल. म्हणून माझ्या या पत्राचं उत्तर मला पाठवू नका. ज्या पत्त्यावर ते पहिलं पत्र धाडलंत त्याच मिरजेच्या पत्त्यावर पाठवा, त्याच्या नावानं. तंबोरा तिथे पोचायच्या आधी ते त्याच्या हातात पडलं पाहिजे.

आपली,
गंगाखेडच्या गायनवर्गाची शिक्षिका